दिवस नसलेला लेख

आमच्या ऑफिसात दोनच गोष्टी साचत गेल्या, न खपलेले अंक आणि किस्से. अंक निदान रद्दीत तरी देता येतात! सर गेल्यापासून कुणीही भेटलं की म्हणतं, "सरांचा एखादा किस्सा सांग ना." मग मी सांगते. सांगताना हसते, आणि घरी आल्यावर जेवण जात नाही.

सर म्हणजे बच्छाव सर, आमचे संपादक. नाशकात द्वारकेच्या चौकात टायरच्या दुकानावर एक खोली होती. तिथून आम्ही इतिहास आणि मानववंशशास्त्राचं त्रैमासिक काढायचो. सर संपादक, मी सहसंपादक, आणि चहाही मीच आणायचे. सरांचा नियम एकच: प्रत्येक अंक कुठल्यातरी दिनाला जोडायचा. महिला दिन, कामगार दिन, वारसा दिन. दिन असला की हॉल मिळतो, पाहुणा मिळतो, चार टाळ्या मिळतात. नुसत्या इतिहासाला कोण येतंय?

याच नियमात सरांचा स्वतःचा लेख अडकला होता. पेठ-सुरगाण्याकडं मेलेल्या माणसाच्या नावानं लाकडी खांब उभा करतात, त्यावर चंद्र-सूर्य कोरतात. उमेदीची सगळी वर्षं सर ते खांब बघत हिंडले होते. लेख लिहून, तपासून तयार होता. आदिवासी दिनाला घेऊ म्हटलं, तर म्हणाले, "आनंदाच्या दिवशी लोकांना मयताचं वाचायला लावू?" वारसा दिनाला म्हटलं, तर म्हणाले, "वारसावाल्यांना दगडाचं लागतं. लाकूड कुजतं." संपादकानं स्वतःसाठी नियम मोडायचा नाही, हे वर ऐकवायचे. मला मनापासून राग यायचा.

*

इगतपुरीकडचे एक प्राध्यापक दरवर्षी एकच लेख पाठवायचे, घाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांवरचा. पहिला आणि शेवटचा परिच्छेद बदलला की लेख नवा!

एका कामगार दिनाला ते शेवट बदलायला विसरले आणि आम्ही वाचायला विसरलो. सुरुंग लावणाऱ्या मजुरांवरचा तो लेख "अशा या तमाम माता-भगिनींना विनम्र अभिवादन" करून संपला. अंक छापून गेला. मी फोन वाजला की दचकायचे.

एक फोन नाही, एक पत्र नाही.

सर म्हणाले, "आपला अंक कुणी वाचत नाही, याचा पहिला ठोस पुरावा हाती आला!" खूप हसलो.

*

एकदा सरांच्या डोक्यात आलं, आदिवासी दिनाच्या अंकाचं प्रकाशन हॉलमध्ये नको, थेट सुरगाण्याकडच्या पाड्यावर करू. ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्याच हातात अंक देऊ. भर पावसात जीपनं गेलो. पाड्यावर चिटपाखरू नाही. घरांना कड्या.

एक म्हातारी शेळ्या राखत बसली होती. सरांनी विचारलं, "आजी, माणसं कुठं गेली?"

"आज नाय कोन भेटायचं बाबा," म्हातारी म्हणाली. "आज आमचा दिस हाय ना! गाडी आली व्हती, समदी नाशिकला नेली मिरवणुकीला."

सरांनी तिच्याच हस्ते प्रकाशन केलं. तिनं अंक उलटसुलट पाहिला आणि तिच्या दारातल्या वाटणाच्या पाट्याखाली ओल येत होती तिथं सारला. परतीच्या वाटेवर सर एवढंच म्हणाले, "चला, एक अंक उपयोगी पडला."

*

वारसा दिनाचा कार्यक्रम तर मी जन्मात विसरणार नाही. एका गावच्या वीरगळावर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या दगडावर, आमचा खास अंक होता. गावातच मांडव घातला होता. पाहुणे तासभर बोलले, "हा अमोल ठेवा आपण जपला पाहिजे!"

मला तो ठेवा कुठंच दिसेना. सरांनी खुणेनं दाखवला. मांडववाल्यानं त्याच्याच गळ्यात दोर बांधून मांडव ताणला होता!

"सांगू का सोडायला?" मी विचारलं.

"नको," सर म्हणाले. "सोडलास तर पाहुण्यांच्या डोक्यावर येईल सगळं." आणि कार्यक्रम संपेपर्यंत ते खुर्ची सोडून त्या दगडाशेजारी खाली जाऊन बसले.

*

आमचे अंक अंबडला युसुफभाईंच्या छापखान्यात छापले जायचे. मी गेले की ते न चुकता विचारायचे, "मॅडम, सरांचा खांबवाला लेख कॉम्प्युटरमध्ये पडून पडून बुढ्ढा झाला. आता तरी छापू द्या ना!"

सर दवाखान्यात होते तेव्हा मी त्यांना हा निरोप सांगितला. दुखणं काय आहे ते सरांना माहीत होतं, मला माहीत होतं. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, सांगायचं नाही, असं सरांनी बजावलं होतं. काकू तिथंच बसून थर्मासमधला चहा कपात ओतत होत्या.

मी म्हटलं, "सर, पुढच्या अंकात तुमचा लेख घेतेच. दिन नसला तर नसू दे."

"नियम म्हणजे नियम," सर म्हणाले. आवाज पार खोल गेला होता. "किती जागा खाईल?"

"अर्धा अंक तरी."

सरांनी जरा डोळे मिटले. "युसुफभाईंना म्हणावं, लावून ठेवा. दिवस मी देतो."

मी वहीत 'अर्धा अंक' असं लिहून घेतलं.

काकूंनी कप पुढं करत विचारलं, "कसला दिवस हो?"

"काही नाही गं," सर म्हणाले. "ऑफिसचं काम."