अवांतराला दिलेली वेगळी जागा

सिंगापूरमधल्या मराठी प्रोग्रामरांचा ग्रुप मी सुरू केला आणि बरीच वर्षं मीच चालवला. नियम एकच: इथे फक्त कोडबद्दल बोलायचं. सणाच्या शुभेच्छा, भाड्याचे फ्लॅट, राजकारण, काही नाही. कोणाचा प्रोग्राम अडला की चांगी बिझनेस पार्कहून घरी येताना मी एमआरटीच्या गाडीत उभ्या उभ्या उत्तर लिहायचे. दोन-चार अंगठे यायचे. तेवढं मला पुरायचं.

मग ती आली. वयाने जवळजवळ माझ्याएवढीच, नुकतीच पुण्याहून बुकित बातोकला राहायला आलेली, एका बँकेत टेस्टर. आल्या आल्या तिने विचारलं, "पुण्याहून कोणी येतंय का? थालीपिठाची भाजणी आणायची होती, थोडीशीच."

एरवी तोंड न उघडणारी माणसं धडाधड बोलायला लागली. कोणी बॅगेत जागा देऊ केली, कोणी स्वतःसाठीही मागवली, एकाने त्यात गोडा मसाला घुसवला. डेटाबेसवरचं माझं सकाळचं उत्तर कुठच्या कुठे वर निघून गेलं. मी तिचा मेसेज काढून टाकला.

"सॉरी ताई, लक्षात नाही आलं," तिने लिहिलं. ताई! तोवर मला सगळे मॅडम म्हणायचे. त्या दिवसापासून सगळेच ताई म्हणायला लागले.

"नियम सगळ्यांना सारखा हवा, ताई," एक जण म्हणाला. "तुम्ही मागे लेकीच्या ट्यूशनचं विचारलं होतंत."

"ती कोडिंगची ट्यूशन होती."

"मग भाजणीचीही रेसिपी म्हणजे अल्गोरिदमच की!"

सगळे हसले. तिने फक्त एक हसरा चेहरा टाकला. त्याच्यावर माझ्या वर्षभराच्या उत्तरांना मिळाले नसतील इतके अंगठे पडले.

ऑफिसात आम्ही नको असलेली कामं वेगळ्या यादीत ढकलतो. तिकडे मग कोणी फिरकत नाही. मी तेच केलं. 'अवांतर' नावाचा ग्रुप काढला, ॲडमिन म्हणून तिला बसवलं.

"छान," नवरा म्हणाला. "स्वतःच्या हाताने दुकान काढून दिलंस तिला."

"चिल लाह, आई," लेक म्हणाली. "त्या ग्रुपमधून लेफ्ट झालीस तर बाकीच्यांना दिसणार पण नाही."

मी लेफ्ट झाले नाही. रोज वाचत राहिले. त्यांनी तोआ पायोहच्या हॉकर सेंटरला, तिथल्या खाण्याच्या स्टॉलांपाशी जमून भाजणी वाटून घेतली, फोटो टाकले. ज्यांचे एरर मला तोंडपाठ होते, त्यांचे चेहरे मी त्या फोटोंत पहिल्यांदा पाहिले. ती मधोमध बसली होती. मला कोणी या म्हणालं नव्हतं. इतक्या वर्षांत मीही कोणाला म्हटलं नव्हतं, पण माझ्या ग्रुपचं ते कामच नव्हतं, आणि हे मी आजही म्हणते.

माझा ग्रुप ओस पडत गेला. प्रश्नसुद्धा तिकडेच पडायला लागले. एकाने सर्व्हर सारखा बंद पडतोय म्हणून तिकडे त्याच्या नोंदींचा लॉग चिकटवला, तेव्हा तिने लिहिलं, "अरे, इथे कोडचं नको. पलीकडे ताईंना विचार, त्या नीट सांगतात."

थोड्याच वेळात तोच लॉग माझ्याकडे आला. तिने पाठवलेला प्रश्न. मी हातातलं काम बाजूला ठेवलं, लॉग ओळ न् ओळ वाचला, कारण शोधलं, दोन उपाय लिहिले, त्यातला कुठला का चांगला तेही लिहिलं.

सर्व्हर सुरू झाला. आभार त्याने तिकडे मानले, तिचे.