घटपर्णीची टोपडी

काकूने घटपर्णीच्या सुरयांना क्रोशाची टोपडी घातलेली मला दिसली, तेव्हा मी दारातच चपला काढायचं विसरले.

माझी काकू म्हणजे घरात झुरळ निघालं तर त्याच्यावर पेला उपडा घालून, खालून कागद सरकवून त्याला खिडकीबाहेर सोडून येणारी बाई. वर ‘जा बाबा, सुखाने जा’ म्हणून निरोपही देते. अशा घराच्या खिडकीत किडे खाणारं झाड टांगलेलं असावं, हीच मुळात थट्टा होती. पण झाड काकांचं. काका लिफ्ट दुरुस्त करायचे. कुणीतरी हौसेने दिलेलं ते रोप त्यांनी लेकरासारखं वाढवलं. पानांच्या टोकांना लोंबणाऱ्या सुरया, काठावर गोड चिकटा. माशी बसायची, घसरायची आणि आतल्या पाण्यात पडायची.

मग काकांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. त्यांचा पलंग खिडकीशी आणला. एका दुपारी माशी सुरईत पडली आणि काका स्पष्ट म्हणाले, “गेली.” मी ढसाढसा रडले. पुढेही तेवढा एकच शब्द यायचा, तोही माशी पडली तरच.

आणि आता ही टोपडी.

“काकू, हे काय गं?”

“डोळ्यांदेखत जीव जातात. मला नाही बघवत. आणि झाड काही उपाशी ठेवलं नाही हं मी. मुळाशी चांगलं शेणखत घातलंय. चार झाडांसारखं खाईल आता.”

मी कपाळावर हात मारला. या झाडाला खत म्हणजे विष. त्याला नळाचं पाणीसुद्धा सोसत नाही. काका बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणून घालायचे. काकूने हे सगळं वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

व्हायचं तेच झालं. पानं काळी पडली, सुरया टोपड्यांतच वाळल्या. काका भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. शेवटी माझा तोल सुटला.

“काकांजवळ एकच शब्द उरला होता. तोही तू टोपड्यात बांधून ठेवलास.”

काकूचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. मला आजवर तिची इतकी चीड कधी आली नव्हती, आणि इतकी कीवही.

तिने स्वतःच कुंडी उपसली. मुळं धुतली, रोपवाटिकेतून वाळकं शेवाळ आणून त्यात रोप बसवलं आणि शुद्ध पाणी घातलं. कितीतरी दिवस काहीच घडलं नाही. मग एक पान फुटलं, त्याचं टोक फुगलं, आणि एका सकाळी इवल्याशा सुरईचं झाकण उघडलं. काकांनी मान वळवली. ते तासन्‌तास बघत बसायचे. पण काकूच्या लखलखीत घरात माशी येणार कुठून?

त्या दिवशी एक आली. काकूने सवयीने पेला घातला, कागद सरकवला. मीही सवयीने खिडकी उघडायला उठले.

काकू खिडकीच्या अलीकडेच थांबली. नेहमीचा निरोप तोंडून निघाला नाही. तिने पेला सुरईवर धरला आणि कागद ओढून घेतला.

मी आ वासून पाहत राहिले.

“गेली,” काका म्हणाले. मग त्यांची नजर सुरईवरून हळूहळू काकूच्या हातातल्या पेल्यावर आली, तिथून तिच्या चेहऱ्यावर. त्यांचे ओठ बराच वेळ नुसतेच हलले.

“तू?” काका म्हणाले.