सातव्या सांध्याचं बटण

चाळीस वर्षं लोकांच्या घरचे फ्यूज बांधून वायरमन निवृत्त झाला आणि मागच्या खोलीत त्यानं खेळण्यातली रेल्वे मांडली. प्लायवूडवर रूळ, रुळांना आठ सांधे, प्रत्येक सांध्याखाली बोटाएवढी कॉइल. बटण दाबलं की क्षणभर करंट जातो, खट् होतं आणि गाडी दुसऱ्या रुळावर. करंट चालूच राहिला तर मात्र कॉइल जळून खाक. हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. शेजारी त्याला पाहून वाट बदलायचे. बायको तेवढी रोज स्टूल टाकून बसायची. सातवा सांधा तिचा. त्यानं शिट्टी वाजवली की ती बटण दाबायची.

एका रविवारी त्यानं याच नादातले चार मित्र बोलावले. मोठ्या ऐटीत मेन स्विच लावला आणि सातव्याखालून धूर निघाला. चौघांसमोर अशी शोभा झाल्यावर त्याचा पारा चढला.

"तुला सकाळी फडकं मारायला कुणी सांगितलं होतं? बटण दाबून अडकवून ठेवलंस, जळली कॉइल!"

"असेल. लागला असेल माझा हात," म्हणत ती कप उचलून आत गेली.

त्यानंतर ती त्या खोलीत आली नाही. चहा दाराशी ठेवायची.

महिन्यानं नवी कॉइल आली. बसवण्याआधी त्यानं सवयीनं बटणाला बल्ब जोडून पाहिला. बटण दाबलं, बल्ब लागला. बोट काढलं, तरी बल्ब चालूच. ते टेबलावरच्या जुन्या दिव्याचं बटण होतं! मित्र यायच्या आदल्या दिवशी सातव्याचं बटण सैल झालं म्हणून त्यानंच डब्यातून काढून लावलं होतं आणि मेन बंद असताना दाबूनही पाहिलं होतं. तेव्हापासून ते चालूच राहिलं होतं. गुपचूप बदलावं म्हणून त्यानं स्क्रूड्रायव्हर उचललाही. मग रिकामं स्टूल दिसलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बटण घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. "अगं, चूक माझी होती. तुझा हात लागलाच नव्हता."

"माहीत आहे. त्या दिवशी मी तिथे फडकं मारलंच नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"चार माणसांत तुम्हाला खोटं पाडू?"

त्याची मान वर होईना. चार माणसांत त्यानं तिचं काय केलं होतं?

पुढच्या रविवारी त्यानं त्याच चौघांना बोलावलं. बटण प्रत्येकाच्या हातात दिलं, सगळं सांगितलं. मग शिट्टी वाजवली आणि दाराकडे बघत थांबला. गाडी सातव्याच्या अलीकडे उभी होती. आतून कप विसळल्याचा आवाज येत राहिला.