खांड आणि खंड

२०२२ साल. मी बहात्तर वर्षांचा. त्या साली हे गृहस्थ मला भेटले आणि माझं बसणं-उठणं बिघडलं.

दगडाला कुठे भोक दिसलं की ते त्यात उजव्या हाताचं पहिलं बोट घालायचे, डोळे मिटायचे आणि बोट गोल फिरवायचे. देवळाचा उंबरा असो, टाकून दिलेलं जातं असो. मग डोळे उघडून समोरच्याला विचारायचे, "बोट अडतंय का कुठे? नाही ना? आणि म्हणे टाकी-हातोड्यानं केलं!" उत्तराला थांबायचे नाहीत. तोवर पुढचा दगड शोधायला निघालेले असायचे. असा माणूस तुमच्याही सोसायटीत असेल. बागेतल्या बाकावर बसतो, पण पाय हलत राहतात.

मुंबईत हापिसात नोकरी केलेली, बायको वारलेली, मुलगी नाशिकला. निवृत्त होऊन ते आमच्या कामोठ्यात राहायला आले. त्यांची सोसायटी जिथे उभी आहे ती जागा म्हणजे आमचा खार. खाडीला बांध घालून आमच्या आजा-पणजांनी भातासाठी काढलेली जमीन. जमीन सरकारनं घेतली, वर इमारती झाल्या. आम्ही गावठाणात राहिलो. सोसायटीच्या गेटातून आत जाताना वॉचमन मला नाव लिहायला सांगायचा, आणि मी लिहायचो नाही. "माझ्या शेतात जायला तुझी वही कशाला?" म्हणायचो. शेवटी त्यानंच नाद सोडला.

त्यांच्याशी पहिली गाठ पडली ती भांडणानंच.

माझी थोरली बहीण, तिला आम्ही बाय म्हणतो, नाक्यावर सुकट-बोंबील घेऊन बसायची. हे गृहस्थ मासे खात नव्हते, तरी रोज तिच्यासमोर उकिडवे बसून वहीत काहीतरी लिहीत. चार दिवस मी लांबून पाहिलं. पाचव्या दिवशी जाऊन विचारलं, "साहेब, काय लिहिताय?"

ते खूश झाले. वही माझ्यापुढे धरली. "आबा, तुमच्या बहिणीनं मला केवढी मोठी गोष्ट दिलीय ठाऊक आहे? इथल्या लोकांच्या आठवणीत बुडालेला खंड आहे! वाचा."

चौथीपर्यंतचं माझं वाचन त्या दिवशी कामाला आलं. लिहिलं होतं : 'मोठा खंड गेला, तेव्हा सगळं पाण्याखाली गेलं. स्थानिक वृद्धेची साक्ष.'

मी बायकडे बघितलं. बाय म्हणाली, "मी काय खोटं सांगितलं? मोठी खांड गेली तवा आख्खा खार पान्याखाली नव्हता गेला?"

"साहेब," मी म्हणालो, "खांड. खंड नाय. बांध फुटला की जी फट पडते ती खांड. भरतीला बांध फुटला होता, भात बुडालं होतं. आमच्या लहानपणी."

"पण त्या 'मोठी' म्हणाल्या. मी समजलो, बोलीभाषेत लिंग जरा इकडचं तिकडं होतं..."

"लिंग आमचं नाय चुकलं, साहेब. तुमचं चुकलं."

बाय तोंडाला पदर लावून हसली. त्यांनी वहीतली ओळ खोडली, पण एकच रेघ मारून. खालचं वाचता येईल इतकी बारीक. मला ते दिसलं. म्हणालो, "नीट खोडा."

"राहू द्या की आबा. खांड गेली म्हणून खंड बुडालाच नसेल असं कुठे आहे?"

असा माणूस. त्या दिवसापासून संध्याकाळी त्यांच्या बाकावर जाऊन भांडल्याशिवाय मला अन्न गोड लागेना. ते म्हणत, आपल्या आधी कुणीतरी होते, आपल्यापेक्षा पुढे गेलेले. त्यांचं सगळं बुडालं, मोडलं, उरले ते हे दगड. घारापुरीचे खांब माणसाच्या हातानं होणंच शक्य नाही.

"का नाय होनार?" मी विचारायचो. "मी अठरा वर्षं खाणीत दगड फोडलाय."

"फोडलाय. घडवलाय का?"

हे मला झोंबायचं. घरी जाऊन जेवताना मी भिंतीशी वाद घालायचो. सून म्हणायची, "मामंजी, तिकडे जाऊच नका ना." दुसऱ्या दिवशी पाच वाजले की माझे पाय गेटाकडे.

मग पावसाळ्याआधी सोसायटीच्या मागे गटार खोदताना दगड निघाला. लांबीला माझ्या कमरेएवढा, एका टोकाला गोल भोक. त्यांनी चार मजूर लावून तो बागेत आणवला. मी गेलो तेव्हा बोट आतच होतं. डोळे मिटलेले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी.

"आबा, काचेसारखं आहे आतून. काचेसारखं! यंत्राशिवाय हे होत नाही. आता बोला."

मी वाकून दगड बघितला. तो दगड मला ओळखीचा होता. सात-आठ वर्षांचा असताना, त्याच मोठ्या खांडीनंतर, मी चिखलात उभा राहून पाहिलं होतं. बाबा त्या दगडावर वाकून टाकीनं ठोकतोय, चिपा उडतायत. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"हा माझ्या बाबानं केलाय," मी म्हणालो.

ते हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. आठवड्याभरात दगडाशेजारी पत्र्याची पाटी लागली. 'अज्ञात प्रगत संस्कृतीचा अवशेष'. सोसायटीतली माणसं फोटो काढून जायची. माझ्या बापानं कमरेइतक्या चिखलात उभं राहून केलेलं काम, आणि खाली नाव कुणाचं? अज्ञाताचं.

मी पाटीसमोर उभा राहून सगळ्यांदेखत म्हणालो, "साहेब, मी असलं भोक पाडून दाखवीन. पाडलं तर ही पाटी उतरवायची आणि बाबाचं नाव लावायचं."

"कबूल. आणि नाही पाडलंत तर?"

"तर मी ह्या गेटात पाय ठेवनार नाय."

घरून पहार आणली, घण आणला. बागेच्या कडेचा दुसरा दगड निवडला, तसाच काळा, घट्ट. पण हे काम एकट्याचं नाही. एकानं पहार धरायची, दुसऱ्यानं घण मारायचा. गावातला कुणी येईना, बहात्तरीत म्हातारा खुळावला म्हणत. तेव्हा तेच पुढे आले. "मी धरतो."

"तुमच्याच इरुद्ध?"

"अहो, बघायला तर मलाच मिळेल ना जवळून!"

पहिल्या दिवशी दहा घावांत पहार अडकली. मी ओरडलो, "फिरवा! मारला की फिरवा! पाव वेढा. धरून बसायची नसते ती." त्यांना ते कळलं तेव्हा तोंड असं झालं, जणू जन्मभर ज्या दारावर धडका मारल्या ते ओढून उघडायचं होतं. भोक गोल का होतं ते त्यांच्या हातांना समजलं होतं. त्यानंतर ते स्वतःच पुटपुटायचे, "मारा. फिरवली. मारा. फिरवली." तळहाताला फोड आले, रुमाल बांधून आले. मधे माझी पाठ धरली, तेव्हा घरी येऊन सुनेला म्हणाले, "आबांना सांगा, घाई नाही. मी जिंकायला बसलेलो नाही." मला हे ऐकून आणखी राग आला आणि मी दुसऱ्याच दिवशी उठून गेलो.

एकवीस दिवसांनी चार बोटं खोल भोक झालं. गोल. त्यांनी आत बोट घातलं, डोळे मिटले, फिरवलं.

"अडतंय," ते हळूच म्हणाले.

"अडनारच. हे नवं भोक. तो जुना दगड उघाडीचा हाय."

मग मी त्यांना उघाडी सांगितली. बांधाला लाकडी दार असतं, ती उघाडी. दाराचा दांडा ह्या भोकात फिरतो. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं, भरतीला खाडीचं पाणीच दार लावून घेतं. दिवसातून दोनदा उघड, दोनदा झाक, वर्षानुवर्षं. गाळ आणि खारं पाणी मधे. भोक माणसानं पाडलं, काचेसारखं केलं ते त्या दारानं.

त्यांचे पाय हलायचे थांबले. मग म्हणाले, "म्हणजे यंत्र होतंच, आबा. नुसतं मला दिसत नव्हतं."

दोन दिवसांत पाटी बदलली. 'हा दगड' आणि पुढे बाबाचं पूर्ण नाव, आडनावासकट, आणि 'यांनी घडवला'. अक्षरं त्यांनी स्वतः रंगवली होती. बाबाचं नाव रेशनकार्डाखेरीज कुठे लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. मी बायला रिक्षात घालून दाखवायला नेलं.

साहेब चहा आणायला वर गेले होते. बाय दगडापाशी वाकली, भोकाच्या कडेवरून हात फिरवला.

"ह्यो बाबानं केला? कोन बोलला?"

"मी पाहिलंय. टाकीनं ठोकत होता."

"तू केवढा व्हतास रं! त्याला कालवं चिकटलेली व्हती, शिंपांचा थर. बाबा ती खरवडत व्हता. ह्यो तर जुन्या बांधाच्या पोटात गावला, खांड बांधायला खनला तवा. दोन दिस बाबा काम सोडून ह्याच्याकडं बघत बसला. आपल्या आयला इचारत व्हता, कुनी केला आसंल गो?"

तेवढ्यात साहेब चहा घेऊन आले. "काय म्हणाल्या ताई?"

"म्हणाली, चांगलं झालं," मी म्हणालो.

बायनं माझ्याकडे बघितलं आणि बशीत चहा ओतला.

त्यानंतर मला त्या बाकावर बसवेना. बसलो तरी पाटीकडे पाठ करून बसायचो. साहेब आता वाद घालत नव्हते, तेही टोचायचं. आल्या-गेल्याला तेच सांगायचे, "ह्यांच्या वडिलांचं काम. मारायचं आणि फिरवायचं!" मी किती वेळा तोंड उघडलं. पण एकवीस दिवस घण मारून जिंकलेला माणूस कसा म्हणणार, की मीच पाहायला चुकलो? खांड-खंडावरून त्यांना मी हसलो होतो. माझी चूक त्याहून मोठी निघाली, आणि ती मी गिळून बसलो.

दिवाळीनंतर ते डोळ्याच्या ऑपरेशनला मुलीकडे गेले. गेटात रिक्षा उभी होती. म्हणाले, "पंधरा दिवसांत येतो. आबा, तुम्ही काहीतरी सांगणार होता ना परवा?"

"आल्यावर सांगतो," म्हणालो.

ते आले नाहीत. डोळा बरा झाला, पण तिकडेच छातीत दुखून गेले. एका दुपारी मुलीचा फोन वॉचमनला आला, वॉचमननं मला सांगितलं. मी घरी येऊन खाटेवर बसलो, उठलो, परत बसलो. सून पाणी घेऊन आली ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिश पेपर, काळ्या रंगाची डबी आणि ब्रश घेऊन मी गेटात गेलो. वॉचमनच्या वहीत नाव लिहिलं. पाटीसमोर खाली बसलो आणि बाबाचं नाव घासून काढलं. आडनाव जाड रंगवलेलं होतं, त्याला वेळ लागला. पुढचं 'यांनी'ही काढलं. मोकळ्या झालेल्या जागेत लिहिलं, 'कुणी', आणि शेवटी प्रश्नचिन्ह दिलं.

वॉचमन मागे येऊन उभा होता. त्यानं वाचलं. "आबा, पन मग कुनी घडवला?"

"मला ठाऊक नाय," मी म्हणालो, आणि ब्रश धुवायला नळावर गेलो.