रेडिओवर आमच्या गावाचं नाव

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर खोटारडं म्हणत आले, हे आधीच सांगून ठेवते. तीस वर्षं हायस्कूलला सायन्स शिकवलं, लोकांच्या दारातल्या लिंबू-मिरच्या स्वतःच्या हातानं तोडून फेकल्या. त्यामुळे हे वाचून कुणी मला हसलं, तर माझी तक्रार नाही.

गाव मेहकर, भालकी तालुका. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. मी उदगीरला बी.एस्सी. करत होते आणि सुट्टीत घरी आले होते. घरात थोरला भाऊ अण्णा, वहिनी आणि कोनाड्यात ट्रान्झिस्टर. हवामानाचा अंदाज अण्णा कधी चुकवायचा नाही. पण आम्ही पडलो कर्नाटकात... मराठी बातम्यांतलं हवामान उदगीरपर्यंत येऊन थांबायचं, कन्नड बातम्यांत नुसतं ‘बीदर जिल्हा’. "आपलं गाव काय नकाशातच न्हाई का?" म्हणून अण्णा रेडिओलाच दटावायचा.

त्या दिवशी दुपारचे तीन वाजले असतील. ऊन नुसतं भाजत होतं. वहिनी विहिरीवर धुणं धुवायला गेलेली, अण्णा शेतात, घरात मी एकटी. कोनाड्यातून बाईचा आवाज आला — स्वच्छ मराठीत. "भालकी तालुक्यातल्या मेहकर शिवारात थोड्याच वेळात गारा पडतील, विजांचा धोका आहे. शेतातल्या माणसांनी ताबडतोब घरी परतावं." दोनदा सांगितलं.

मेहकर! मला हसूच फुटलं. सेल उगाच संपायला नकोत म्हणून मी बटण बंद केलं — आवाज थांबला, हे पक्कं आठवतं — आणि चपला अडकवून पळत सुटले.

शेतात पोचायला वीस मिनिटं लागली. तोवर पश्चिमेकडून काळं चढलं होतं. अण्णा दगडी कोठ्यात बैलांना कडबा टाकत होता.

"अण्णा, घरी चल! रेडिओवर गारा सांगितल्यात, आपल्या गावाचं नाव घेऊन!"

"आपलं नाव? चेष्टा करायलीस व्हय, सुमे?"

"आईची शप्पथ!"

त्याचा चेहरा असा काही खुलला... मग बाहेर बघून म्हणाला, "आता हितंच थांबू की. भिंती पक्क्या हायत."

"न्हाई, घरीच या म्हणून सांगितलंय. बैलं ऱ्हाऊ दे, तू चल आधी."

मीच हट्ट धरला. सायन्सची विद्यार्थिनी मी!

माळावर अर्ध्या वाटेत गारा सुरू झाल्या. अण्णानं खांद्यावरचा टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला आणि भराभर पुढे निघाला. दहा पावलं पुढे असेल. वीज पडली. मला साधं खरचटलंही नाही. अण्णा जागेवरच गेला. कोठ्याचा एक दगड हलला नव्हता, आणि बैल आत कडबा खात उभे होते.

पाचव्या दिवशी वहिनीनं विचारलं, "वन्सं, ते कोठ्यात होते म्हणं. मग भाईर कामून काढलात त्यास्नी?"

मी रेडिओचं सांगितलं. ती उठली, रेडिओ आणला आणि मागचं झाकण उघडून माझ्यापुढे धरला. आत सेल नव्हते.

"सेल उतरले म्हणून त्या दिवशी सकाळीच काढून माळवदावर उन्हात ठिवलते मी. हायत अजून तिथंच."

मी शिडीनं वर गेले. तिन्ही सेल माळवदाच्या भिजून पुन्हा वाळलेल्या मातीत रुतून बसले होते.

गावात आणखी दोन रेडिओ होते. तिथंही कुणी असलं काही ऐकलं नव्हतं. वहिनी मला चारचौघांत खोटारडी म्हणाली. त्यानंतर आजवर ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

उन्हानं भास झाला म्हणावं, तर गारा आल्याच की. कुणी जीव वाचवायला सांगितलं म्हणावं, तर अण्णा कोठ्यातच वाचला असता. मला ठाऊक आहे ते एवढंच, आणि ते वहिनीला सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही... त्या दुपारी मी गारांना घाबरून पळाले नव्हते. आपलं गाव रेडिओवर आलं, हे अण्णाला सगळ्यांत आधी सांगायचं होतं.