गयाकाकूच्या घाऱ्या

गयाकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेंगळुरूला मॅडमच्या स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी पुऱ्या लाटत होते. नांदेडजवळच्या आमच्या नायगावहून भावाचा फोन दोनदा वाजून बंद झाला. बाहेर पाहुणे होते म्हणून मी उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. "मंगल, काकू गेली... सकाळी उठलीच न्हाई," एवढंच तो बोलला. मी गॅस बारीक केला. मग उरलेल्या पुऱ्या लाटल्या, तळल्या, वाढल्या. का, ते मला सांगता येणार नाही. हात चालू होते, एवढंच. मातीला मी पोचले नाही. सुट्टी मिळाली ती तेराव्यासाठी. त्याला आता दोन महिने होत आले.

काकू आमच्या समोरच्या घरात राहायची. वडिलांच्या चुलतभावाची बायको. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. मी आठवीत असताना लकव्यानं आईचा एक हात आणि एक पाय गेला आणि घरातलं सगळं माझ्यावर आलं. शाळा सुटली. तेव्हा मला साधी भाकरी थापता येत नव्हती, एका बाजूनं जळायची, दुसऱ्या बाजूनं तुटायची. भाऊ ताटावरून उठून जायचा. काकू दारातून बघून गेली आणि दुसऱ्या दिवशी परातीसकट येऊन बसली. "शाळेसाठी रडून राहिलीस का भाकरीसाठी?" मी म्हटलं, दोन्हीसाठी. "शाळेचं मला काय जमायचं न्हाई. भाकरीचं बघू," म्हणाली. आज परमुलखात माझं पोट भरतंय ते त्या भाकरीच्या जिवावर, हे मी तिला तोंडावर कधी नीट बोलले नाही. फोनवर एकदा बोलायला गेले तर म्हणाली, "पुरं, बॅलन्स जाईल."

तिच्या परसात डांगराचा वेल असायचा. पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात, तेच आमचं डांगर. आमच्याकडे बाईनं सबंध डांगर कापायचं नसतं. पहिली सुरी पुरुषानं लावायची, पुढचं बाईनं बघायचं. आता काकूच्या घरात पुरुष कुठला? सुरुवातीला ती डांगर काखेत घेऊन गल्लीत उभी राहायची, कुणी दीर, कुणी पुतण्या येईल म्हणून. तेही एखाद्या दिवशी मिजास दाखवायचे, "वहिनी, चहा पाजणार असाल तर लावतो सुरी." एक दिवस तिला त्याचा उबग आला. माझ्यासमोर तिनं डांगर दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं आणि शहाबादी फरशीवर सोडून दिलं. फट्कन आवाज झाला, चार तुकडे झाले, बिया चुलीपर्यंत गेल्या. मी घाबरून तोंडावर हात ठेवला. काकू खाली बसून तुकडे गोळा करायला लागली. "कापलं का मी? पडलं ते. पडल्यावर फेकून देऊ का आता?" त्यानंतर तिच्या घरी डांगर नेहमी पडायचंच.

लग्नानंतर नवऱ्याच्या ड्रायव्हरकीमागं मी बेंगळुरूला आले. मॅडमकडे कामाला लागून आठच दिवस झाले होते, अजून ठेवतील की काढतील याचा पत्ता नव्हता. त्या दिवशी मॅडमनी एक फळ ओट्यावर ठेवलं. सुरईसारखी मान, खाली फुगलेलं पोट, रंग साईसारखा. "बटरनट आहे, याचं काहीतरी कर," म्हणाल्या आणि कामाला बसल्या. मी वास घेतला, नख लावलं. डांगराच्याच जातीचं. आता पहिली सुरी कोण लावणार? नवरा गाडीवर. साहेब गावाला. एवढ्या महागाच्या फरशीवर ते टाकायची माझी छाती होईना. शेवटी मी एका हातात फळ आणि एका हातात सुरा घेऊन लिफ्टनं खाली गेले आणि वॉचमनला म्हटलं, "भैया, पहला चाकू आप मारो." तो खुर्चीवरून उठून चार पावलं मागं सरकला. वर मॅडम गॅलरीतून बघत होत्या.

मला वाटलं, गेलं काम. जिन्यात बसून काकूला फोन लावला. ती एवढी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "मंगे, तुझ्या मॅडमच्या गावात आपला नेम कुणी बघून राहिलं का? लाव सुरी. पाप लागलं तर माझ्या नावावर लिही." आणि तिनं कधी न पाहिलेलं ते फळ मला फोनवर कापायला शिकवलं. आधी दोन्ही टोकं सपाट काप, म्हणजे उभं राहील, घसरणार नाही. साल निबर असेल तर उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडव, मग सोल. मान आणि पोट वेगळं कर. मानेत बिया नाहीत ना? मग तिच्या चकत्या कर, हळद, तिखट, मीठ चोळ, ज्वारीच्या पिठात घोळव आणि तव्यावर तेल सोडून दोन्हीकडून भाज. पोटातल्या बिया काढून फोडी वाफव, कुस्कर, दही घाल, वरून मोहरीची आणि हिरव्या मिरचीची फोडणी दे, झालं भरीत. भाजी करायची असेल तर तेलात मेथीचे दाणे तांबूस होऊ दे, फोडी टाक, झाकणीवर पाणी ठेव, आत थेंब घालू नको, त्याचं पाणी त्याला पुरतं. "आन् बिया टाकू नको, वाळवून भाज." त्या दुपारी मॅडमनी चकत्या दोनदा मागून घेतल्या. वॉचमनची गोष्ट त्या अजून पाहुण्यांना सांगतात. माझं काम मात्र टिकलं.

एकच गोष्ट काकूनं फोनवर कधी सांगितली नाही. घाऱ्या. डांगराच्या किसात गूळ घालून केलेल्या, तळल्यावर टम्म फुगणाऱ्या. माझ्या घाऱ्यांचं पीठ दर वेळी सैल व्हायचं, तेलात पसरायचं. मी विचारलं की म्हणायची, "ते फोनवर सांगायचं काम न्हाई. हातात हात धरून दाखवावं लागतंय. ये तू." मी म्हणायचे, दिवाळीला येते. दिवाळीला मॅडमकडे माणसं यायची. मग मी म्हणायचे, संक्रांतीला. सुट्टी मागितली तर दुसरी बाई ठेवतील, ही धास्ती माझ्या पोटातून कधी गेलीच नाही. चार वर्षं मी येतेच म्हणत राहिले...

तेराव्याला गोडात काकूच्या आवडीच्या घाऱ्या करायचं ठरलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तिच्या चुलीपाशी बसले, कढई ठेवली, पुन्हा उतरवली. शेजारच्या शांताबाई जवळ सरकल्या. मी म्हटलं, मावशी, मला येत नाहीत, काकू दाखवणार होती. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "दाखवायचं काय त्यात? गूळ घालून कीस शिजव, पूर्ण गार होऊ दे, मावंल तेवढीच कणीक घाल, पाणी घालू नको. गयानं गल्लीतल्या पोरीबाळींना सांगून ठेवलंय. माझ्या सुनेला तर फोनवर सांगितलं तिनं."

फोनवर... मी कीस हलवत राहिले. शांताबाईंना वाटलं धूर लागला, त्यांनी खिडकी उघडली.

घाऱ्या फुगल्या. पंगत उठल्यावर मी माळ्यावर परात ठेवायला चढले तर तिथं चिंध्यांच्या चुंबळीवर एक डांगर होतं, देठासकट, राखाडी साय चढलेलं. खालून शांताबाई म्हणाल्या, "त्याला कुणाला हात लावू देत नव्हती. मंगी येणार हाय म्हणायची. दर सालचं एक ठेवायची, नासलं की गुपचूप उकिरड्यावर टाकून यायची."

ते डांगर मी नांदेडपासून बेंगळुरूपर्यंत मांडीवर घेऊन आले. आता ते आमच्या खोलीत, ट्रंकेवर, त्याच चुंबळीवर आहे. नवरा म्हणतो, कर काहीतरी त्याचं, खराब होईल. मला कळतं. रोज सकाळी कामाला निघताना मी देठाजवळ अंगठ्यानं दाबून बघते. अजून टणक आहे.