प्रबोधचे तक्ते

अश्विनीचा फोन आला तेव्हा मी विकास नगरच्या बाजारात गोभी निवडत होतो. “काका, पापा नहीं रहे,” एवढंच ती म्हणाली. मी म्हणालो, “अच्छा.” मग भाजीवाल्याला म्हणालो, “भैया, थोड़ा धनिया भी डाल दो.” घरी आलो, सब्जी फ्रिजमध्ये ठेवली, हात धुतले, आणि बायकोला सांगितलं की प्रबोध गेला. ती रडायला लागली. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो... प्रबोध आंघोळ करून आला होता म्हणे, खुर्चीत बसला आणि उठलाच नाही. याला आता काही आठवडे झाले. अजूनही कोणी विचारलं की मी हे असंच सांगतो, दुसऱ्या कोणाच्या घरची बातमी सांगावी तसं.

प्रबोध भंडाऱ्याचा, मी वर्ध्याचा. तो सरकारी दूरसंचार खात्यात, मी इथल्या एका संशोधन संस्थेत मातीचे नमुने तपासायला. लखनौला आम्ही नोकरीमुळे आलो आणि मुलांमुळे राहिलो. पहिली भेट इथल्या बुद्ध विहारात झाली. कार्यक्रमाच्या ऐन मध्यात लाउडस्पीकर बंद पडला आणि एक उंच, किडकिडीत माणूस उठून निमूटपणे वायरी सोडवायला लागला. भाषण संपेपर्यंत त्यानं तो दुरुस्त केला आणि परत मागे जाऊन बसला. कोणी आभार मानले नाहीत, त्यानंही कोणाकडे पाहिलं नाही. निवृत्तीनंतर इथल्या मराठी माणसांच्या आठवणींचा ब्लॉग काढायचं माझ्या मनात आलं, तेव्हा मी त्यालाच विचारलं. “तू लिही, लोकांकडून लिहवून घे,” तो म्हणाला. “खालचं मी बघतो.”

खालचं म्हणजे काय, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. चिनहटच्या त्याच्या घरी एकदा त्यानं मला बसवून दाखवलं. ब्लॉगवरचे सगळे लेख एका तक्त्यात साठतात, वाचकांच्या प्रतिक्रिया दुसऱ्यात, लिहिणाऱ्यांची नावं तिसऱ्यात. “तुला पान दिसतं, मला तक्ते दिसतात,” तो म्हणाला. दर रविवारी सकाळी तो हे तक्ते उघडून बसायचा. आधी सगळ्याची एक नक्कल उतरवून घ्यायची. मग एकेक तक्ता तपासायचा. कुठं बिघाड असेल तर दुरुस्त करायचा, जाहिरातवाल्यांच्या खोट्या प्रतिक्रिया काढून टाकायच्या. मी एकदा म्हणालो, बिघडलंय तर सरळ दुरुस्तच कर ना, नक्कल कशाला? “अरे यार, दुरुस्ती करताना जी ओळ त्याला कळत नाही ती ते फेकून देतं,” तो म्हणाला. “माणसासारखंच आहे. आधी नक्कल, मग हात.”

कमलाताईंचा लेख आला त्या आठवड्यात हे सगळं पणाला लागलं. कमलाताई म्हणजे सरोजिनी नगरच्या. सरकारी इस्पितळात नर्स म्हणून उभं आयुष्य काढलेल्या. मी वर्षभर मागे लागलो होतो तेव्हा कुठं त्यांनी लखनौतल्या पहिल्या हिवाळ्यावर लिहिलं, तेही मोबाइलवर एका बोटानं, थेट ब्लॉगवरच. दुसरीकडे कुठं उतरवून ठेवलेलं नव्हतं. लेख लागला, मी वाचला, आणि दोनच दिवसांत त्या गेल्या. त्यांच्या मुलाला तो लेख शोकसभेत वाचायचा होता. त्यानं ब्लॉग उघडला तर पान कोरं. ज्या कंपनीच्या मशीनवर आमचा ब्लॉग होता तिथली जागा भरली होती आणि लिहिता लिहिता लेखांचा तक्ता मोडला होता. प्रबोधची शेवटची नक्कल आदल्या रविवारची, म्हणजे कमलाताईंच्या लेखाच्या आधीची.

त्यानं मोडलेल्या तक्त्याचीही आधी नक्कल घेतली, आणि त्या नकलेवर काम करत बसला. त्याची बायको, शैलजावहिनी, सांगत होत्या, जेवायला हाक मारली तरी “हाँ, हाँ” म्हणायचा आणि हलायचा नाही. बाकी सगळे लेख परत आले. कमलाताईंचा नाही आला. पण लिहिताना मध्येच आपोआप साठवला गेलेला एक कच्चा मसुदा त्याला सापडला. जवळजवळ पूर्ण होता. घरात माचिसची काडी नव्हती, बाहेर कोहरा, म्हणून कमलाताई शेजारचं दार वाजवतात... “दार उघडलं आणि”. तिथं मजकूर संपत होता.

मी म्हणालो, “पुढचं मला आठवतंय. शेजारणीनं माचिस दिली, आत बसवलं, चहा पाजला. चार ओळी आहेत, मी लिहून देतो.”

“नको,” प्रबोध म्हणाला.

“अरे, मुलगा सभेत वाचणार आहे! अर्ध्यावर कसं थांबायचं त्यानं?”

“तुला आठवतंय ते तुझं आहे, सुधाकर. त्यांचं नाही. जिथं तुटलंय तिथं थांबू दे.”

मी चिडून निघून आलो. आयुष्यभर नमुने तपासणाऱ्या माणसाला हा काय शिकवतो, असंही मनात आलं.

सभेत मुलानं लेख वाचला. “दार उघडलं आणि” म्हणाला आणि थांबला. पुढचं मिळालं नाही, असं त्यानं हळू आवाजात सांगितलं.  मग मागून एक म्हाताऱ्या बाई उठल्या. कमलाताईंच्या शेजारच्या शुक्ला चाची. मराठी त्यांना येत नव्हतं, पण शेजारी बसलेल्या मुलीनं त्यांना सगळं समजावून सांगितलं असावं. “दरवाज़ा मैंने ही खोला था,” त्या म्हणाल्या. “नाम पूछा. पूरा नाम. और फिर बंद कर दिया.” मग म्हणाल्या, “बाद में मेरी बिटिया बीमार पड़ी तो सुई लगाने वही आती थी. रोज़ आती थी. चाय तो उसने मेरे घर बहुत बाद में पी...”

मी प्रबोधकडे पाहिलं. तो खाली बघत होता. कमलाताईंनी लिहिलं होतं ते मी वाचलं होतं, नक्की वाचलं होतं. माचिस, चहा, सगळं. त्यांनी ते बंद झालेलं दार जाणूनबुजून गाळलं होतं, की इतक्या वर्षांत खरोखरच विसरल्या होत्या, कोण जाणे. मी माझ्या चार ओळी जोडल्या असत्या तर शुक्ला चाची उठल्या नसत्या. परतताना मी प्रबोधला म्हणालो, चाचींचं बोलणं लेखाला जोडू या. “जोडू,” तो म्हणाला. “त्यांच्या नावानं, त्यांच्या हिंदीत. पण प्रतिक्रियांच्या तक्त्यात. लेखाच्या नाही.” त्यानंतर त्यावर आम्ही कधी बोललो नाही. मी ‘तुझं बरोबर होतं’ म्हणालो नाही आणि त्यानं ते म्हणण्याची वाटही पाहिली नाही.

तो गेल्यावर ब्लॉगवर श्रद्धांजलीच्या प्रतिक्रिया यायला लागल्या, आणि एक दिवस त्या दिसेनाशाच झाल्या. अश्विनी गुडगावहून आलेली होती. ती संगणकाच्याच कामातली. मी चिनहटला गेलो आणि प्रबोधच्या खोलीत तिच्या शेजारी बसलो. तिनं वडिलांसारखीच आधी नक्कल उतरवली, मग दुरुस्ती लावली. प्रतिक्रियांचा तक्ता क्षणात ठीक झाला. इतक्या लवकर होईल असं मला वाटलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. काहीच झालं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, तर घरी जायची वेळ झाली होती.

मग तिनं नावांचा तक्ता उघडला. “काका, पापा का अकाउंट हटा दूँ? ये पूछ रहा है कि इनके लेख मिटाने हैं या किसी और के नाम करने हैं.”

“काय काय आहे त्याच्या नावावर?”

ती बघत राहिली. “ज़ीरो,” ती म्हणाली. “कुछ नहीं है, काका. पापा ने कुछ लिखा ही नहीं. हटा दें तो कुछ भी नहीं जाएगा.”

“राहू दे,” मी म्हणालो.

शैलजावहिनी दारात उभ्या होत्या. कधीपासून, ते कळलं नाही. “भाऊजी, एवढंच करत होते का हे? दर रविवारी?”

“एवढंच, वहिनी.”

“मला वाटायचं, काय तरी मोठं असेल...” त्या आत आल्या. “मला दाखवा.”

अश्विनीनं त्यांना दोनदा करून दाखवलं आणि ती गुडगावला परत गेली. या रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला. त्या एकेका तक्त्याचं इंग्रजी नाव अडखळत वाचत होत्या आणि पुढं “ठीक” म्हणत होत्या. मी ऐकत होतो. शेवटचं नाव झालं.

“सगळं ठीक आहे म्हणतंय, भाऊजी.”

“बरं.”

“आता पुढं काय करू?”

“पुढं काही नाही, वहिनी. आता बंद करायचं.”

“बरं,” त्या म्हणाल्या. मी फोन कानाला लावून बसलो. त्यांनी काही बंद केलं नाही. संगणकाच्या पंख्याची घरघर तेवढी येत राहिली... बराच वेळ.